साडेचारचे सात झाले तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, वय ३६. शाळा-कॉलेजात नाशिकला बास्केटबॉल खेळलो, त्यामुळे एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) माझ्यासाठी नुसता टाइमपास नाही. दोन सीझन झाले, फोनवरून पैजा लावतो. आमच्या ग्रुपमधला एक मित्र सांगतो की स्प्रेड (बुकीने ठरवलेला गुणांचा फरक) ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला जाणकारांचा पैसा असतो, आपण फक्त त्यांच्या मागे जायचं. मी तेच करतो. गेल्या महिन्यात एक संघ सकाळी उणे ४.५ होता, संध्याकाळी उणे ७ झाला. मी उणे ७ वर २२० डॉलर लावले. संघ ६ गुणांनी जिंकला. शेवटच्या आठ सेकंदांत आमच्या खेळाडूने बॉल हातात धरून वेळ घालवला, समोरून कोणी फाउलही केला नाही. दुसऱ्या दिवशी चिडून उलट केलं, भाव सरकला त्याच्या विरुद्ध लावलं. तेही गेलं. या सीझनला एकूण २,४०० डॉलर गेलेत. पद्धत चुकतेय की मला लाइन वाचता येत नाही? बायकोला पैजांचं माहीत आहे, आकडा माहीत नाही. आधी भरून काढतो, मग सांगतो."

प्रिय एडिसनकर,

तुमचा संघ सहा गुणांनी जिंकला, एवढं एक वाक्य लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच थांबले. सकाळी उणे साडेचार या आकड्याला ज्याने तो संघ घेतला, त्याला पैसे मिळाले. संध्याकाळी उणे सातला घेतलेले तुमचे गेले. संघ तोच, सामना तोच, मतही तेच. कोण जिंकणार हा तुमचा अंदाज बरोबर होता. फरक होता तो घड्याळाचा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन संघ बरोबरीचे नसतात, म्हणून बुकी तगड्या संघावर गुणांचं ओझं टाकतो. हाच स्प्रेड, लाइन किंवा भाव. उणे ४.५ म्हणजे त्या संघाने पाच किंवा जास्त गुणांनी जिंकलं तरच पैज तुमची. समोरच्या संघाला तोच आकडा अधिक ४.५ म्हणून मिळतो. या पद्धतीचं श्रेय १९४०च्या दशकातल्या शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात. साधारणपणे १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात. हा दहाचा फरक म्हणजे बुकीची कमाई. शंभरातल्या ५२ पैजा जिंकल्या तरी तुम्ही ८० डॉलरने खाली असता, ५३ जिंकल्या तर १३० ने वर. ५२ आणि ५३ च्या मधली ही फट पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवा.

आता भाव हलतो तो का.

सकाळी पहिला आकडा निघतो तेव्हा बुकी फार मोठी रक्कम घेत नाही, कारण त्याला स्वतःलाच त्या आकड्याची खात्री नसते. तो बघत असतो. ज्यांची गणितं पक्की आहेत असे मोजके लोक त्याला माहीत असतात. त्यांच्यापैकी कोणी साडेचारला पैज लावली की तो आकडा पाचवर नेतो. बुकीने ती पैज घेतली ती त्या माणसाचं मत विकत घ्यायला, असं म्हटलं तरी चालेल. जसजशी वेळ जाते तशी मर्यादा वाढते, जास्त पैसा येतो, आकडा आणखी घासला जातो, आणि सामना सुरू होण्याआधीचा शेवटचा आकडा, म्हणजे बंद भाव, हा त्या दिवशी बाजाराला जे काही माहीत होतं त्याचा सगळा अर्क असतो. (मुंबईच्या मटक्याची सुरुवातही न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या ओपन-क्लोज भावांवरच्या सट्ट्याने झाली. आपल्याकडे 'ओपन-क्लोज' हा शब्द घराघरात ठाऊक आहे तो तिथून. पण तिथे आकडा लागणं हा निव्वळ योग होता. इथे ओपनपासून क्लोजपर्यंतच्या प्रवासात माहिती भरत जाते.)

दुसरं कारण म्हणजे बातमी. एनबीएत संघांना कोण खेळणार, कोण जखमी, कोणाचं अजून नक्की नाही याची यादी जाहीर करावी लागते आणि ती सामन्याच्या दिवशीही बदलत राहते. 'क्वेश्चनेबल' असलेला मोठा खेळाडू 'आउट' झाला की आकडा दोन-तीन मिनिटांत दोन-तीन गुण उडी मारतो. लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री कोणाला विश्रांती देतात यावरूनही हे होतं. अशा वेळी कोणा जाणकाराचा पैसा आलेला असतोच असं नाही. बातमी आली आणि बुकीने स्वतःच पाटी बदलली. तुमच्या साडेचारचे सात कशाने झाले हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा बघितलं नसेल. अडीच गुणांची उडी बास्केटबॉलमध्ये मोठी आहे, आणि तिच्यामागे कोणी खेळाडू बाहेर बसला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

गर्दीचा पैसा हे तिसरं कारण. लेकर्स, निक्स असे लाडके संघ असले की सामान्य माणूस त्यांच्यावर लावतो आणि आकडा थोडा त्यांच्याकडे झुकतो. त्यावर अमुक टक्के पैजा इकडे, तमुक टक्के पैसा तिकडे अशी कोष्टकं फिरतात. त्यात फार वेळ घालवू नका. ती कोणत्या बुकींकडची आहेत, किती पैशांची आहेत हे तुम्हाला दिसत नाही.

तुमचा मित्र सांगतो त्यातलं अर्धं खरं आहे. भाव सरकला त्या बाजूला अनेकदा जाणकार असतात. पण ते तिथे *होते*. साडेचारला होते, पाचला होते, काही जण साडेपाचला. सातला ते नाहीत. सातला त्यांच्यापैकी काही जण चक्क समोर जाऊन बसतात, आणि हे मला तुम्हाला आकड्यांत दाखवायचं आहे, कारण तुमच्या त्या सामन्यात नेमकं हेच झालेलं असू शकतं.

समजा सकाळी एकाने उणे ४.५ वर १,१०० डॉलर लावले. संध्याकाळी आकडा ७ झाला. तो आता समोरच्या संघावर अधिक ७ ने आणखी १,१०० लावतो. सामना पाच किंवा सहा गुणांनी सुटला तर दोन्ही पैजा त्याच्या, २,००० डॉलर खिशात. सातने सुटला तर पहिली पैज जिंकली, दुसरीचे पैसे परत. बाकी काहीही झालं तरी एक जिंकतो, एक हरतो, आणि तोटा फक्त १०० डॉलरचा. एकवीस वेळांत एकदा जरी मधला आकडा लागला तरी त्याची बरोबरी होते. इथे या खेळीला 'मिडल' म्हणतात. तुमचा सामना सहाने सुटला. तुम्ही ज्या माणसाच्या मागे निघाला होतात तो त्या संध्याकाळी कदाचित तुमच्याच २२० डॉलरच्या समोर बसला होता, आणि दोन्हीकडून जिंकला. आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

आता तुमच्या दुसऱ्या दिवसाकडे येऊ, कारण तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. भावाच्या मागे गेलात, हरलात. भावाच्या विरुद्ध गेलात, हरलात. तुम्हाला वाटतं दोन्हींपैकी एक तरी बाजू बरोबर असायला हवी. नाही. हलून स्थिर झालेल्या भावाला दोन्ही बाजू जवळपास पन्नास-पन्नास असतात, भाव हलतो तोच तिथे पोचण्यासाठी. आणि ११० देऊन १०० घेण्याच्या खेळात पन्नास टक्के म्हणजे हळूहळू हरणं. मागे जा, विरुद्ध जा, नाणं उडवा, शेवट तोच. तुमचं वाचन चुकलं नाही. वाचायला जे होतं ते तुमच्या आधी कोणीतरी वाचून पैसे घेऊन गेलं होतं.

मी पुष्कळ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे एका गुणाची किंमत किती हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये सामने ३ आणि ७ या फरकांनी सारखे सुटतात, म्हणून अडीचचे साडेतीन झाले की मोठी गोष्ट असते. बास्केटबॉलमध्ये असे लाडके आकडे नाहीत, फरक पसरलेला असतो. एनबीएचे निकाल स्प्रेडपासून साधारण बारा गुणांच्या प्रमाण विचलनाने (निकाल किती पसरतात त्याचं माप) विखुरतात. त्यावरून गणित मांडलं तर भावाच्या आसपास एक गुण म्हणजे पैज जिंकण्याच्या शक्यतेत अंदाजे तीन टक्के, अर्धा गुण म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. आता ५२ आणि ५३ ची ती फट आठवा. ती फक्त एका टक्क्याची आहे. तुम्ही उणे ५ ऐवजी उणे ५.५ घेतलंत एवढ्यानेच ५३ वरून ५२ च्या खाली येता. तुम्ही त्या दिवशी अडीच गुण सोडलेत, म्हणजे शंभरातले आठ. साडेचारला ५३ टक्क्यांची असलेली पैज, मागे खरी बातमी नसेल तर, सातला ४५ टक्क्यांची होते. बातमी खरी असेल तर ५० ची. दोन्ही ठिकाणी तुम्ही खालीच.

त्या आठ सेकंदांबद्दलही बोलते, कारण पत्रात त्याचा राग दिसतो. तुमच्या खेळाडूने बॉल धरून ठेवला हे त्याने योग्यच केलं. सहा गुण वर आहे, आठ सेकंद आहेत, दुसरं काय करणार? त्याला सहाने जिंकणं आणि आठने जिंकणं सारखंच. तुम्ही स्वतः खेळला आहात, तुम्हीही तेच केलं असतं. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटात फाउल करत सुटला तर फरक वाढतो, त्याने हात टेकले तर राहतो, शेवटच्या क्षणी कोणी न अडवलेला तीन गुणांचा शॉट बसला तर कमी होतो. तुमची पैज ज्या एक-दोन गुणांवर टांगलेली असते ते गुण अशा लोकांच्या हातात असतात ज्यांना तुमचा आकडा माहीतही नसतो. आणि माहीत नसावा यातच खेळाचं भलं आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघडकीला आलं की कॉलेजचे खेळाडू पैसे घेऊन स्प्रेडपेक्षा कमी फरकाने जिंकत होते. त्यात सिटी कॉलेजचेही होते, ज्या संघाने आदल्याच वर्षी देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. तरुण मुलांची आयुष्यं त्यात गेली. "कोणाला तरी आतलं माहीत असतं" हे वाक्य तुमच्या ग्रुपमध्ये होत असेल तर एनबीएत टोरंटोकडून खेळणाऱ्या जॉन्टे पोर्टरचं नाव ऐकलेलं असू द्या. स्वतःच्या तब्येतीची माहिती सट्टेबाजांना दिली, खेळातून लवकर बाहेर पडला, एप्रिल २०२४ मध्ये लीगने आजन्म बंदी घातली आणि नंतर त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. आतली माहिती असते तेव्हा ती अशी असते. तिच्या मागे जाण्यासारखं काही नाही.

माझा भाचा तुमच्याच वयाचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी त्याच्याकडे जेवायला होते. ताटात आमटी वाढलेली आणि डावा हात फोनवर. उणे ३ होतं, तो विचार करत होता. बघता बघता ३.५, मग ४. त्याचा चेहराच बदलला. घाई झाली. त्याने बटण दाबलं तर पडद्यावर छोट्या अक्षरांत आलं की भाव बदलला आहे, नवा भाव मान्य आहे का, आणि खाली हिरवं बटण. त्याने ते न वाचता दाबलं. मी विचारलं, किती वर घेतलंस? म्हणाला, तीन. पडद्यावर ४.५ होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात अजून तीनच होतं.

म्हणून पहिलं काम आजच करा. तुमच्या ॲपमध्ये भावबदल आपोआप मान्य करण्याची सोय चालू असेल तर बंद करा. नवा आकडा आला की फोन खाली ठेवा आणि विचारा: हा आकडा पहिल्यांदा दिसला असता तर मी घेतला असता का?

दुसरं काम वहीचं. ॲपमध्ये तुमच्या सगळ्या जुन्या पैजा आहेत. शेवटच्या साठ काढा. एका रकान्यात तुम्ही घेतलेला आकडा, शेजारी त्या सामन्याचा बंद भाव. जिंकलात की हरलात हे लिहूच नका. साठ पैजांत जिंकणं-हरणं फार नशिबाचं असतं, पण तुम्ही बंद भावापेक्षा चांगल्या आकड्याला घेता की वाईट, हे साठांत स्वच्छ दिसतं. बहुतेक ठिकाणी तुमचा आकडा बंद भावाएवढा किंवा त्याहून वाईट निघेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तसं निघालं तर पद्धत सुधारून उपयोग नाही, कारण पद्धतच उशिरा येण्याची आहे.

मग यातून बरं काही करता येतच नाही का? करता येतं, पण त्याचं स्वरूप अगदी वेगळं आहे. आकडा बघण्याआधी स्वतःचा आकडा लिहायचा. तुम्हाला हा संघ सहाने बरा वाटत असेल तर साडेचारला घ्या, पाचला घ्या, सातला तो सामना नुसता बघा. दोन-तीन परवानाधारक ठिकाणी भाव ताडून बघा, अर्धा गुण इथे-तिथे मिळतो आणि त्या अर्ध्याची किंमत वर सांगितली आहे. बातमीनंतर धावू नका. खेळाडूंची यादी तुमच्याआधी यंत्रं वाचतात. हे सगळं नीट केलंत आणि सातत्याने बंद भावाला मागे टाकू लागलात, तर बरेच बुकी तुमची मर्यादा कमी करतात, काही डॉलरच्या वर घेतच नाहीत. हेही आधीच माहीत असलेलं बरं.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. "आधी भरून काढतो, मग सांगतो." स्प्रेडबद्दलचं सगळं मी पंधरा मिनिटांत लिहिलं. या वाक्याशी दोन दिवस थांबले.

भरून काढण्याचं गणित असं. तुम्ही उद्यापासून शंभरात ५३ जिंकू लागलात असं धरू, जे अतिशय कमी लोकांना वर्षानुवर्षं जमतं. २२० च्या पैजेवर तुमची सरासरी कमाई २ डॉलर ६० सेंट. २,४०० डॉलर भरून काढायला ९२३ पैजा लागतील. एनबीएचा पूर्ण नियमित सीझन १,२३० सामन्यांचा असतो. म्हणजे त्यातले तीन-चतुर्थांश सामने खेळायचे, एकही चूक न करता, आणि तेवढा काळ घरात हा आकडा लपवून ठेवायचा. असं कोणी करत नाही. प्रत्यक्षात माणूस २२० चे ५०० करतो, ५०० चे १,०००.

त्यामुळे आज रात्री सांगा. २,४०० हा आकडा मोठा असला तरी सांगता येण्याजोगा आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. अमेरिकेत जिंकलेली रक्कम फेडरल टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावी लागते आणि हरलेली वजा करायला वेगळे नियम आहेत. २०२६ पासून तर हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट मिळते, तीही एकेक खर्च वेगळा मांडणाऱ्यालाच. तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरत असाल तर त्यावर तिची सही असते. तिला माहीत नसलेल्या गोष्टीवर तिची सही घेऊ नका.

सांगून झालं की ॲपमध्ये आठवड्याच्या भरण्यावर मर्यादा घाला, ती सोय असते. मर्यादा घालूनही हात जात असेल, सामना नसताना भाव बघितला जात असेल, तर न्यू जर्सीत स्वतःचं नाव स्वतःच वगळून घेण्याची सरकारी सोय आहे, राज्याच्या गेमिंग एन्फोर्समेंट विभागाकडे. आणि १-८००-गॅम्बलर (१-८००-४२६-२५३७) या नंबरवर दिवसरात्र कोणीतरी ऐकायला असतं. तिथे फोन करायला सगळं बुडालेलं असावं लागत नाही.

भारतातून हे सदर वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. न्यू जर्सीने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढून १४ मे २०१८ ला खटला जिंकला म्हणून तिथे हे कायदेशीर आहे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. टेलिग्रामवरून कोणी एनबीएची लाइन देतो म्हणाला तर तिथे तुमच्या पैशाला कसलंच संरक्षण नाही.

एडिसनकर, वही भरून झाली की मला पाठवा. सामन्यांची नावं नकोत, दोन रकाने पुरेत. बंद भाव सापडले नाहीत तर मी शोधून देईन. पण ती आधी घरात दाखवा, मग मला.